पॉवर स्टेअरिंग आणि सस्पेन्शनमध्ये नक्की कुठलं ऑइल घालायचं?

सगळ्यात आधी एक बघून घ्या, तुमच्या गाडीत हे ऑइल आहे का तरी. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये स्टेअरिंग पूर्ण इलेक्ट्रिक असतं, मोटर थेट कॉलमवर (स्टेअरिंगच्या दांड्यावर) नाहीतर रॅकवर (पुढची चाकं वळवणाऱ्या भागावर) बसवलेली, त्यात ना पंप ना टाकी ना ऑइल. तरी लोक बॉनेट उघडून पॉवर स्टेअरिंगची टाकी शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून दुसऱ्याच कशात तरी ओततात. एअर सस्पेन्शनचंही तेच, तिथे दाबलेली हवा असते, ऑइल नाही. आणि साधे शॉकअप सीलबंद असतात, त्यात तेल असतं पण ते बदलायची सोय नसते, गळायला लागला की शॉकअपच बदलायचा. मध्ये अजून एक प्रकार आहे, त्यात पंप इंजिनच्या पट्ट्यावर न चालता इलेक्ट्रिक मोटरवर चालतो, पण दाब ऑइलचाच असतो. इलेक्ट्रिक आहे म्हणजे ऑइल नाही असं धरून ही टाकी वर्षानुवर्षं कोणी उघडतच नाही, आणि हे पंप तर चुकीच्या जाडीच्या ऑइलला फार नखरे करतात.

आता ज्यांच्याकडे खरंच ऑइल आहे त्यांच्यासाठी.

दुकानातल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात पॉवर स्टेअरिंग फ्लुइड असं लिहिलेलं असतं ना, त्या शब्दांना तसा काही अर्थ नाही. त्या एकाच नावाखाली किमान तीन-चार वेगवेगळी तेलं विकली जातात आणि ती एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. अर्थ असतो तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेल्या स्पेसिफिकेशनला. म्हणजे डेक्सरॉन ३ (हे एक एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), सीएचएफ ११एस (पातळ सिंथेटिक हायड्रॉलिक तेल), एलएचएम (सिट्रोएन या फ्रेंच कंपनीचं मिनरल तेल), किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा नंबर. हाच नंबर तुमच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर असतो, आणि दोन्ही जुळले तरच बाटली घ्यायची. बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांत तर झाकणावरच छापलेलं असतं, कुठे एटीएफ, कुठे सीएचएफ ११एस. झाकणावर जे आहे ते घाला, वाद संपला. फक्त सेकंडहँड गाडी असेल तर झाकण मूळचंच आहे ना एवढं मॅन्युअलशी ताडून बघा, कारण हरवलेल्या झाकणाच्या जागी दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असू शकतं.

रंगावर जाऊ नका

हे मी वेगळं लिहितोय कारण सगळा घोळ इथेच होतो. लाल म्हणजे एटीएफ, हिरवं म्हणजे सीएचएफ, पिवळसर म्हणजे होंडाचं, असं गॅरेजमध्ये सर्रास चालतं आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघतं, पण रंग हा फक्त वरून मिसळलेला डाय असतो. सीएचएफ ११एस हिरवं असतं, सिट्रोएनचं एलएचएमही हिरवं असतं, आणि ती दोन वेगळी तेलं आहेत, एक सिंथेटिक एक मिनरल. काही कूलंटही हिरवे असतात. आणि जुनं झालं की सगळंच तपकिरी होतं, मग काय ओळखणार. टाकीत आधी काय आहे ते रंगावरून ठरवून वरून तेच टॉपअप करणं म्हणजे आधीच्या माणसाने बरोबर घातलं होतं यावर पैज लावणं.

तेलाचं रबराशी काय नातं असतं

खरं बघायला गेलं तर ऑइल निवडताना पहिला प्रश्न रबराचा. पंपात, रॅकमध्ये, होजमध्ये सगळीकडे तेल अडवणारे रबरी सील आणि ओ-रिंग असतात. पॉवर स्टेअरिंगचे सील बहुतेक नायट्राइल रबराचे किंवा त्याच जातीतल्या रबराचे असतात, त्यांना मिनरल आणि तशाच सिंथेटिक तेलात राहायची सवय. ब्रेकचे सील मात्र बहुतेक ईपीडीएम रबराचे, त्यांना ब्रेक फ्लुइड म्हणजे ग्लायकॉलवालं डॉट ३, डॉट ४ चालतं. आता अदलाबदल केली की काय होतं बघा. स्टेअरिंगच्या टाकीत ब्रेक फ्लुइड गेलं की नायट्राइलचे सील फुगतात, मऊ पडतात, त्यांची धार जाते आणि मग रॅक दोन्ही टोकांकडून रबरी बुटांमध्ये (टोकांवरच्या घडीच्या रबरी आवरणांमध्ये) गळायला लागतो, आणि वर ब्रेक फ्लुइडमध्ये पंपाला लागतं तेवढं वंगणही नसतं, त्यामुळे पंप आतून घासतो तो वेगळाच.

उलटं झालं तर अजून वाईट. ब्रेकच्या टाकीत चुकून एटीएफ किंवा एलएचएम पडलं तर ईपीडीएम असं काही फुगतं की विचारू नका. ओळखायची एक खूण आहे, मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकच्या मुख्य पंपाच्या) झाकणाखाली जी घडीची रबरी चकती (डायफ्रॅम) असते ती बाहेर काढली की परत आपल्या जागेत बसतच नाही, कडेला लाटा आल्यासारखी वेडीवाकडी होते, मोठी झालेली असते. हे दिसलं की गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची, आणि नुसतं फ्लश करून, म्हणजे जुनं सगळं काढून नवीन भरून, भागत नाही, मास्टर सिलिंडर, कॅलिपर, होज, जिथे जिथे रबर आहे तिथे सगळं बदलावं लागतं. दोन टाक्या बॉनेटखाली शेजारी शेजारी असतात म्हणून सांगतोय, ओतायच्या आधी झाकणावरचं चित्र बघा. स्टेअरिंगच्या टाकीवर स्टेअरिंग व्हीलचं चित्र असतं, ब्रेकच्या टाकीवर गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कंस.

टाकीत कोणी काय घातलंय याचा संशय असेल तर एक सोपी टेस्ट घरी करता येते. काचेच्या ग्लासात (पिण्याचा नको, टाकाऊ घ्या) थोडं पाणी घ्यायचं, ड्रॉपरने टाकीतले चार-पाच थेंब त्यात सोडायचे आणि हलवायचं. मिनरल किंवा सिंथेटिक तेल असेल तर ते वर तरंगून गोळा होतं, ब्रेक फ्लुइड असेल तर पाण्यात विरघळून जातं. तरंगलं म्हणून तेच बरोबर तेल आहे असं सिद्ध होत नाही, पण विरघळलं तर काहीतरी भयंकर झालंय एवढं नक्की कळतं. अर्धवट दुधाळ झालं तर दोन्हींची मिसळ असू शकते.

जाडी, म्हणजे व्हिस्कॉसिटी

रबराला चाललं म्हणजे काम झालं असं नाही. एटीएफ आणि सीएचएफ दोन्ही नायट्राइलला साधारण सहन होतात, म्हणून काहीजण म्हणतात काहीही घाला, काही होत नाही. होतं, पण हळूहळू आणि थंडीत आधी होतं. डेक्सरॉन ३ ची जाडी ४० अंश सेल्सियसला साधारण ३५ सेंटीस्टोकच्या (हे जाडीचं माप, आकडा मोठा तितकं तेल जाड) आसपास असते, सीएचएफ ११एस ची तेवढ्याच तापमानाला १९ च्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मी. कडक थंडीत तर तफावत प्रचंड वाढते, डेक्सरॉन ३ ला उणे ४० अंशाला २०,००० सेंटीपॉइजपर्यंत (हेही जाडीचंच माप) जाड व्हायची मुभा होती, तेवढ्याच थंडीत सीएचएफ ११एस साधारण हजार-बाराशेच्या घरात राहतं. म्हणून ज्या सिस्टीमचे व्हॉल्व्ह आणि फटी पातळ तेलासाठी बनवलेत त्यात एटीएफ घातलं की सकाळी स्टेअरिंग जड, पंपाचा रडका आवाज, आणि उलट ज्या पंपाला एटीएफची जाडी हवीये त्यात सीएचएफ घातलं की गरम झाल्यावर आतल्या आत दाब निसटतो आणि पार्किंग करताना स्टेअरिंग मध्येच अडल्यासारखं लागतं.

डेक्सरॉनमध्येही एक गुंता आहे. डेक्सरॉन हे नाव ज्यांचं त्या जीएमने (जनरल मोटर्सने) २००५ मध्ये डेक्सरॉन ६ आणलं आणि २००६ संपताना डेक्सरॉन ३ चं लायसन्स देणं बंद केलं. म्हणजे आज डेक्सरॉन ३ लिहिलेली जी बाटली मिळते ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दावर असते, जीएमचा शिक्का त्यावर नसतो. ते तेल वाईट असतंच असं नाही, चांगल्या ब्रँडचं घ्या म्हणजे झालं. डेक्सरॉन ६ हे ३ पेक्षा नवं असताना थोडं पातळ असतं. जुन्या स्टेअरिंगला ३ लिहिलं असेल तर ६ चालेल का, तर काही कंपन्या हो म्हणतात काही म्हणत नाहीत, म्हणून मी तरी मॅन्युअलमध्ये ३ असेल तर ३ च्या दर्जाचंच घेतो, उगाच सुधारणा करायला जात नाही.

होंडाचं प्रकरण वेगळं. त्यांचं स्वतःचं पॉवर स्टेअरिंग फ्लुइड असतं आणि तेच वापरा असा त्यांचा स्पष्ट आग्रह असतो. रस्त्यात अडकलात तर दुसरं घालून घरी याल, पण मग लवकरात लवकर फ्लश करून घ्या.

आणि ते युनिव्हर्सल, सगळ्या गाड्यांना चालणारं म्हणून जे मिळतं त्याबद्दल माझं मत असं, की एकच तेल एकाच वेळी ३५ ची जाडी आणि १९ ची जाडी देऊ शकत नाही, हे गणित आहे. त्या बाटलीच्या मागे ज्या स्पेसिफिकेशनची यादी असते त्यात तुमचा नंबर असेल आणि ब्रँड धड असेल तर घ्या, यादीच नसेल तर परत ठेवा. गळती थांबवणारी जी लिक्विड मिळतात ती सील फुगवूनच काम करतात, म्हणजे वर जो रोग सांगितला तोच थोड्या प्रमाणात. विकायला काढलेल्या गाडीत लोक ते का घालतात हे तुम्हाला कळलंच असेल.

सस्पेन्शनवाल्या गाड्या

इथे खरी मजा आहे. सिट्रोएनने १९५५ मध्ये पॅरिसला डीएस गाडी दाखवली, तिच्यात सस्पेन्शन, स्टेअरिंग, ब्रेक, गिअर सगळं एकाच हायड्रॉलिक दाबावर चालायचं. सुरुवातीचं तेल ओलावा ओढून घ्यायचं आणि आतून गंज धरायचा, म्हणून १९६६ मध्ये हिरवं मिनरल तेल आणलं, तेच एलएचएम. या दोन तेलांचे सील वेगळ्या रबराचे, त्यामुळे घोळ होऊ नये म्हणून नव्या तेलाचे भाग हिरव्या रंगाने रंगवून द्यायला लागले. जुनी डीएस कोणाकडे असेल तर पंप आणि सस्पेन्शनच्या गोळ्यांचा (नायट्रोजन भरलेल्या धातूच्या गोलांचा, तेच स्प्रिंगचं काम करतात) रंग बघा, काळे असतील तर आधीचं लाल तेल, हिरवे असतील तर एलएचएम. मी वर रंगावर जाऊ नका म्हटलं ते तेलाच्या रंगाबद्दल, इथे पार्टचा रंग हीच कंपनीची सूचना आहे. तरी गाडी मध्ये कोणी एका तेलावरून दुसऱ्यावर नेलीये का ते विचारून घ्याच.

जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम, झँशिया या सगळ्यांत एलएचएम. पण २००१ च्या सी-५ पासून पुढे आणि सी-६ मध्ये केशरी रंगाचं एलडीएस आलं, ते सिंथेटिक आहे आणि एलएचएममध्ये मिसळायचं नाही. नाव सिट्रोएन, सस्पेन्शन तेच गोळ्यांचं, म्हणून एलएचएम ओतलं असं होतं. सी-५ मध्ये ब्रेक या सर्किटमधून काढून वेगळे केले, तिथे नेहमीचं डॉट ४ लागतं.

या गाड्यांची लेव्हल बघायची पद्धतही उलटी. झँशियासारख्या गाडीत इंजिन चालू ठेवून, उंचीचा लिव्हर सगळ्यात वर करून, गाडी पूर्ण उचलली की मग बघायची. गाडी खाली बसलेली असताना बघाल तर सगळं तेल टाकीत परत आलेलं असतं, लेव्हल भरपूर दिसते. आणि उलट, वर उचललेली असताना टाकी काठोकाठ भरलीत तर खाली बसवल्यावर तेल बाहेर. अजून एक, अशी गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटायला लागली तर लोक आधी तेल बदलतात, पण दोष बहुतेकदा गोळ्यांमधला नायट्रोजन कमी झाल्याचा असतो, नवीन तेलाने तो परत येत नाही.

मर्सिडीजच्या एबीसी (ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल) या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सस्पेन्शनला पातळ सिंथेटिक म्हणजे सीएचएफ ११एस जातीचं तेल लागतं, मॅन्युअलमध्ये ३४५.० हा मर्सिडीजचा तेलाच्या दर्जाचा शीट नंबर दिसेल. त्याच कंपनीच्या जुन्या, नुसती मागची बाजू लेव्हल करणाऱ्या सिस्टीमला ३४३.० वालं वेगळं तेल. दोन्ही मर्सिडीज, दोन्ही सस्पेन्शन, तेलं दोन. लँड रोव्हर डिस्कव्हरी २ मध्ये तर वळणावर गाडी कलू न देणारी एसीई सिस्टीम असेल तर एकाच टाकीत दोन कप्पे आणि दोन झाकणं असतात, एका कप्प्यात स्टेअरिंगचं एटीएफ आणि दुसऱ्यात एसीईचं थंडीत न घट्ट होणारं पातळ तेल. मध्ये पडदा आहे म्हणून बरं.

रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये ब्रेक आणि लेव्हलिंग (गाडीची उंची सारखी ठेवणारी सिस्टीम) दोन्ही ब्रेक फ्लुइडच्याच जातीच्या आरआर ३६३ वर चालायचे, पण त्यात पंपाला वंगण मिळावं म्हणून खास घटक असायचे, त्यामुळे साधं डॉट ४ घालून काटकसर करणाऱ्यांचे पंप घासून जातात. नंतर १९८० च्या सिल्व्हर स्पिरिटपासून मिनरल तेल आलं. म्हणजे एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन मॉडेलमध्ये एकाचं तेल दुसऱ्याला विष.

मोटरसायकलचा फोर्क

थोडक्यात सांगतो. फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचे दोन शॉकअप. फोर्क ऑइलच्या बाटलीवर ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू असं असतं, पण या आकड्यांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. एकीचं १०डब्ल्यू दुसरीच्या ५डब्ल्यू इतकंच पातळ निघू शकतं. म्हणून डेटाशीटमध्ये ४० अंशाला सेंटीस्टोक किती ते बघा आणि जुन्या तेलाच्या आकड्याशी जुळवा. ब्रँड बदलणार असाल तर हे फारच गरजेचं. काही जुन्या बाइक्सच्या मॅन्युअलमध्ये फोर्कसाठी एटीएफच लिहिलेलं असायचं, तसं असेल तर बिनधास्त घाला. मोजताना नुसतं मिलीलिटरवर न जाता, स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंत किती मिलिमीटर जागा राहते ते बघायचं, आणि दोन्ही पायात ती सारखी हवी. ही मोकळी जागा कमी केली की फोर्क शेवटी शेवटी जास्त कडक होतो, कारण आतली हवा जास्त दाबली जाते.

आधी काय होतं तेच माहीत नसेल तर

तर पूर्ण फ्लश. लोक करतात ते असं, टाकीतलं सिरिंजने ओढायचं, नवीन भरायचं, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायचं, परत ओढायचं. सोपं आहे, पण हिशोब करा. टाकीत एकूण तेलाचा तिसरा हिस्सा मावत असेल तर एका वेळी तेवढंच बदलतं, तीनदा केलं तरी साधारण ३० टक्के जुनं आतच राहतं, सहादा केल्यावर कुठे ९ टक्क्यांवर येतं. तेलाची जात तीच असेल आणि नुसतं ताजं करायचं असेल तर हे ठीक. जात बदलायची असेल तर टाकीला परत येणारा पाइप, म्हणजे कमी दाबाचा, तो काढून बाटलीत सोडायचा, टाकीचं ते तोंड बंद करायचं, पुढची चाकं वर उचलून इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि टाकीत नवीन ओतत राहायचं, बाटलीत स्वच्छ तेल यायला लागेपर्यंत. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, पंपाने हवा ओढली की पुढचा अर्धा दिवस फेस काढण्यात जातो. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा.

बऱ्याच टाक्यांच्या तळाला बारीक जाळी असते, ती काळ्या गाळाने भरली की नवीन तेल घालूनही पंप रडतोच. काही टाक्यांतून ती निघत नाही, तेव्हा टाकीच बदलायची, पंपापेक्षा स्वस्त पडते.

पाइप परत लावून इंजिन चालू केलं की बुडबुडे बघा. इंजिन चालू असतानाची लेव्हल आणि बंद केल्या केल्याची लेव्हल यात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल तर आत अजून हवा आहे, पुन्हा इंजिन बंद करून चाकं उचलून सावकाश फिरवा. स्टेअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नका, पाचेक सेकंद पुरे, तिथे जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच तेल गरगर फिरून भयंकर तापतं. टाकीवर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतील तर गाडी कुठल्या अवस्थेत आहे ते बघून त्या खुणेपर्यंतच भरा.

झालं की झाकणावर कापडी टेप लावून त्यावर परमनंट मार्करने तेलाचं स्पेसिफिकेशन आणि तारीख लिहून टाका, ब्रँडचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. आठवड्याभराने लेव्हल पुन्हा बघा, राहिलेली हवा निघाली की थोडी खाली जाते, पण त्यानंतरही जात राहिली तर रॅकच्या रबरी बुटाची क्लिप सोडून आत बोट घालून तेल लागतंय का बघायचं. निघालेलं तेल वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला बंद डब्यात द्या, आणि त्यात ब्रेक फ्लुइड मिसळलं असेल तर तो डबा वेगळा ठेवून तसं सांगा.